विश्लेषण : आपल्याच संगणकातील माहिती आपल्याला का सापडत नाही?

विमा पॉलिसीची प्रत, जुना भाडेकरार, मुलांच्या गुणपत्रिका, काही वर्षांपूर्वीचा ईमेल... सारे संगणकात असते, ऐन वेळी सापडत मात्र नाही. ते शोधून देणारी सॉफ्टवेअर दोन दशकांपासून घरोघरच्या संगणकांत आहेत. ती नेमके काय करतात आणि त्यावरून वाद का होतात, याविषयी...

ही कल्पना केव्हाची?

अमेरिकी अभियंते व्हॅनिव्हर बुश यांनी जुलै १९४५ मध्ये ‘द अटलांटिक मंथली’तील लेखात ‘मेमेक्स’ या काल्पनिक यंत्राचे वर्णन केले होते. पुस्तके, नोंदी, पत्रव्यवहार मायक्रोफिल्मवर साठवून हवे ते झटपट समोर आणणारे ते टेबल होते. प्रत्यक्षात सामान्य वापरकर्त्यांना अशी सोय मिळाली ती बरीच नंतर. २००४ मध्ये ‘गूगल डेस्कटॉप’ आले. २००५ मध्ये ॲपलने मॅक संगणकात ‘स्पॉटलाइट’ दिले. पुढे विंडोजमध्येही शोधाची सोय अंगभूत झाली आणि २०११ मध्ये गूगलने आपले सॉफ्टवेअर बंद केले.

शोध चालतो कसा?

शोधाच्या क्षणी प्रत्येक फाइल उघडून पाहिली जात नाही. सॉफ्टवेअर फाइली आधीच वाचून ठेवते आणि पुस्तकाच्या शेवटी असते तशी शब्दसूची तयार करते. कोणता शब्द कोणत्या फाइलमध्ये आहे, याची नोंद तयार असल्याने उत्तर क्षणात मिळते. मात्र जे सूचीत नाही, ते संगणकात असूनही सापडत नाही. स्कॅन केलेला सातबारा संगणकाच्या दृष्टीने केवळ चित्र असतो. त्यातील अक्षरे ओळखणारे ‘ओसीआर’ तंत्र वापरले नाही, तर त्यातला एकही शब्द सूचीत जात नाही.

मराठीत वेगळी अडचण कोणती?

युनिकोडपूर्वीच्या कृतिदेव, श्रीलिपी यांसारख्या फॉन्टमधील मजकूर पडद्यावर देवनागरी दिसतो. फाइलमध्ये मात्र रोमन अक्षरे आणि चिन्हांचे संकेतांक साठलेले असतात. त्यामुळे आज युनिकोडमध्ये ‘करार’ असे टाइप केले, तर जुन्या फाइलमधला ‘करार’ सापडत नाही. अनेक वर्षांचा मराठी मजकूर अशा रीतीने शोधाच्या कक्षेबाहेर राहतो. हे काम मराठी वापरकर्त्यासाठी दुसरे कोणी करणार नाही. महत्त्वाच्या फाइली युनिकोडमध्ये रूपांतरित करून ठेवणे, हाच त्यावर उपाय.

वाद कशावरून?

उत्पन्न, आजारपण, कौटुंबिक पत्रव्यवहार असे सारे एका सूचीत आले, की ती सूची म्हणजे त्या व्यक्तीच्या आयुष्याची किल्लीच ठरते. २००६ मध्ये गूगल डेस्कटॉपने एका संगणकावरील फाइली दुसऱ्यावरून शोधण्याची ऐच्छिक सोय दिली. त्यासाठी मजकुराची प्रत गूगलच्या सर्व्हरवर जात असे. त्यावर ‘इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन’ने ही सोय वापरू नका, असे आवाहन केले होते. मायक्रोसॉफ्टने मे २०२४ मध्ये जाहीर केलेले ‘रिकॉल’ दर काही सेकंदांनी पडद्याचे छायाचित्र संगणकातच साठवते. ती माहिती सहज वाचता येते, असे सुरक्षा अभ्यासकांनी दाखवून दिल्यावर कंपनीला ते पुढे ढकलावे लागले. एप्रिल २०२५ मध्ये ते आले, तेव्हा माहिती कूटबद्ध केलेली होती आणि ते सुरू करायचे की नाही, हे वापरकर्त्यावर सोपवलेले होते.

मग योग्य काय?

‘रिकॉल’मधील बदल टीकेनंतर झाले, ते मुळातच असायला हवे होते. माहिती संगणकाबाहेर गेली नाही, एवढ्याने ती सुरक्षित होत नाही. घरातला संगणक अनेकदा चौघांत एक असतो. म्हणून सूची कूटबद्ध असावी, ती वापरकर्त्याच्या संमतीनेच तयार व्हावी आणि खासगी फोल्डर त्यातून वगळण्याची सोय ठळकपणे दिसावी. विंडोज आणि मॅक दोन्हींत फोल्डर वगळता येतात, पण ही सोय सेटिंगमध्ये खोलवर दडलेली असते. हरवलेला कागद शोधून देणे ही मोठी सोय आहेच, पण कपाट कुणी उघडायचे हे ठरवण्याचा हक्क त्या बदल्यात देण्याची गरज नाही.