उत्सव क्रॉफिशचा, मान कुणाचा?

अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात ब्रो ब्रिज नावाचे एक छोटे गाव आहे. १९५९ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने या गावाला ‘जगाची क्रॉफिश राजधानी’ असा किताब दिला आणि पुढच्याच वर्षी तिथे क्रॉफिश महोत्सव सुरू झाला. चिखलात बिळे करून राहणाऱ्या, शेवंडाच्या छोट्या भावंडासारख्या दिसणाऱ्या या प्राण्यासाठी सरकारी ठराव करायचा, हे दुरून पाहणाऱ्याला पोरकट वाटेल. पण हा प्राणी कुणाच्या चुलीवर शिजत होता, हे पाहिले की त्या ठरावाचा अर्थ लागतो. ब्रिटिशांनी १७५५ पासून आजच्या कॅनडातील नोव्हा स्कॉशियातून फ्रेंच भाषक अकेडियन शेतकऱ्यांना हुसकावून लावले. त्यांतील अनेक जण पुढे लुइझियानाच्या दलदलीत स्थिरावले आणि केजन म्हणून ओळखले जाऊ लागले. लाल क्रॉफिश हे ज्यांचे मानचिन्ह, त्या हूमा जमातीसारखे मूलनिवासी तिथे आधीपासून होते. लुइझियानाच्या १९२१ च्या राज्यघटनेने शाळांमधून फ्रेंच हद्दपार केली. घरची भाषा बोलली म्हणून मुलांना शिक्षा होऊ लागल्या. त्या काळात क्रॉफिश हे गरिबाचे खाणे होते, चारचौघांत सांगण्याचे नव्हे. त्याच खाण्याला राज्याने मान दिला आणि १९६८ मध्ये फ्रेंचच्या संवर्धनासाठी परिषदही स्थापन केली. पदार्थाचा मान आणि माणसांचा मान एकाच दशकात वर आला, हा निव्वळ योगायोग नाही.

यावर पहिला आक्षेप असा की, ही ‘परंपरा’ फारशी जुनी नाही. मोठ्या पातेल्यात मका, बटाटे, लिंबू आणि तिखट मसाल्याबरोबर क्रॉफिश उकळायचे, वर्तमानपत्रे अंथरलेल्या टेबलावर ओतायचे, डोके पिळून वेगळे करून त्यातला रस चोखायचा आणि शेपटीचे मांस काढून खायचे, हा आजचा सार्वजनिक थाट प्रामुख्याने विसाव्या शतकातला आहे. आक्षेप खरा आहे, पण त्याने काही बिघडत नाही. मिरची पोर्तुगीजांबरोबर आली म्हणून ठेचा परका ठरवण्याचे धाडस आपल्याकडे कोण करील? एखादा पदार्थ परंपरेत बसतो तो वयामुळे नाही. तिथल्या पाण्याशी, ऋतूशी आणि कामाशी त्याची सांगड बसते म्हणून. लुइझियानात ही सांगड शेतात उघड दिसते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला उभ्या भातात क्रॉफिश सोडतात. कापणीआधी पाणी काढले की ते बिळात शिरतात. शरद ऋतूत शेत पुन्हा भरले की पिल्लांसह बाहेर येतात आणि भाताच्या फुटलेल्या खुंटांवर पोसतात. मग वसंतापर्यंत जाळीचे सापळे उपसायचे. हंगामाचा भर नेमका लेन्टच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या काळात येतो. त्या काळातल्या शुक्रवारी कॅथलिक घरांत मांस वर्ज्य असते आणि क्रॉफिश चालतो. शेत, धर्म आणि स्वयंपाकघर एकाच पंचांगावर चालत असेल, तर त्याला परंपरा म्हणायला शतकांचा दाखला लागत नाही.

दुसरा आक्षेप बाजाराचा आहे. लुइझियानातला लाल क्रॉफिश जपानमार्गे चीनमध्ये पोहोचला आणि आज चीन त्याचे सर्वात मोठे उत्पादन घेतो. तिथले सोललेले, गोठवलेले मांस अमेरिकेत इतके स्वस्त पडू लागले की १९९७ मध्ये त्यावर अँटी-डंपिंग शुल्क लावावे लागले. जात तीच असेल तर स्वस्त मालाला नाक का मुरडायचे? याचे उत्तर ‘आमचाच खरा’ असे देणे चुकीचे आहे. हूबे प्रांतातला शेतकरीही भातातच क्रॉफिश वाढवतो आणि तिथेही त्याचे उत्सव होतात; ह्यूस्टनमधल्या व्हिएतनामी निर्वासितांनी लसूण आणि लोणी घालून त्याला आपली चव दिली. परंपरा प्राण्याच्या मालकीवर उभी नसते. पण गिऱ्हाइकाला ‘आपल्या दलदलीचे’ म्हणून परके मांस वाढले, तर लुइझियानातल्या शेताच्या नावावर दुसराच माल खपतो. म्हणून २०१९ मध्ये राज्याने उपाहारगृहांना आयात क्रॉफिशची माहिती देणे बंधनकारक केले. उत्सवाचा अभिमान कायद्यात उतरतो तो असा.

तिसरा आक्षेप सर्वात वजनदार आहे. सोलण्याच्या कारखान्यांत राबणाऱ्या अनेक स्त्रिया तात्पुरत्या व्हिसावर मेक्सिकोहून येतात. महोत्सवाच्या भित्तिचित्रावर मात्र लाल क्रॉफिशच हसत असतो. ज्या पदार्थाने एका हिणवलेल्या समाजाला ताठ मानेने उभे केले, त्याच्यामागे दुसरे हात अदृश्य राहणार असतील, तर उत्सव आपल्याच मुळाशी बेइमान ठरतो. पण म्हणून उत्सव मोडीत काढणे हा उपाय नव्हे. उत्सवाने मिळवलेल्या मानाचा उपयोग संकटात दिसला. २०२३ च्या कडक दुष्काळात बिळे कोरडी पडली, पुढच्या हंगामात भाव कडाडले आणि २०२४ च्या मार्चमध्ये गव्हर्नरांनी आपत्ती जाहीर केली. यात पैशाचे गणित होते हे उघडच आहे. पण तो पैसा उभा राहिला तोच पदार्थाला प्रतिष्ठा मिळाल्यावर. गरिबाच्या ताटापुरत्या उरलेल्या खाण्यावर संकट आले असते, तर ते कुणाच्या गावीही नसते.

आपल्याकडे कृषी विभाग रानभाज्यांचे महोत्सव भरवतो. रायगड-ठाण्याच्या भातखाचरांत पावसाळ्यात मिळणारे मुठे, म्हणजे शेतातले खेकडे, मात्र अजून ‘गरिबाचे कालवण’ याच्या पुढे गेलेले नाहीत. लुइझियानाची नक्कल करण्याची गरज नाही, तिचा हिशेब मात्र घ्यावा. मानाच्या यादीत पदार्थ घालताना त्याची जमीन, त्याचे पाणी आणि तो पकडणारे, सोलणारे हातही घालावेत. खाचरात भराव पडला की त्याची दखल घेण्याची जबाबदारी मग आयोजकांवरही येते. एवढी जबाबदारी उचलणारा उत्सव कितीही ढोलताशांत झाला, तरी तो पोरकट ठरणार नाही.