कर्जाआधी एक बादली

तुमच्याही मोबाइलवर ते रील आलंच असेल. पांढऱ्या पाइपांच्या रांगा, त्यात हिरवागार लेट्यूस आणि वर ठळक अक्षरांत : 'नोकरी सोडली, मातीविना शेतीतून लाखो कमावले!' ते पाहून माझ्या वर्गातल्या एकाने घरी कर्जाचा विषय काढलाय. वडिलांची खटाव तालुक्यात तीन एकर जिरायती जमीन आहे, ती तारण ठेवायची बोलणी चाललीत. म्हणून हे लिहितेय.

हायड्रोपोनिक्स खोटं नाही. आपल्याकडे ते नवंही नाही. सातारा जिल्ह्यातल्या दूध उत्पादकांनी बांबू, लाकूड आणि शेडनेटच्या साध्या मांडवात मक्याचा चारा याच पद्धतीने उगवलाय. मका भिजवायचा, गोणपाटात मोड आणायचे, ट्रेमध्ये पसरायचा आणि दिवसभर अधूनमधून पाणी फवारायचं. आठवडाभरात मुळांची चटई आणि वर हिरवं पीक. एक किलो दाण्यापासून पाच-सहा किलो चारा!

पण थांबा. वाढलेलं वजन बहुतेक पाण्याचं असतं. कोरडा अंश मोजला, तर तो मूळ दाण्यापेक्षा थोडा कमीच भरतो. टंचाईत जनावराच्या तोंडी हिरवा घास पडला, हे खरं. एकाचे सहा झाले, हे मात्र खरं नाही. रील आपल्याला नेमका हाच हिशोब सांगत नाही.

हा हिशोब स्वतः शिकायचा तर पॉलिहाउस लागत नाही, रंगाची रिकामी बादली पुरते. हवाई विद्यापीठाच्या बर्नार्ड क्रॅटकी यांनी रूढ केलेल्या पद्धतीत पंप नाही, वीज नाही. म्हणजे लाइट गेली तरी टेन्शन नाही. बादली स्वच्छ धुवा, झाकणाला तीन-चार भोकं पाडा, जाळीच्या कपात कोकोपीट घालून पालकाची रोपं किंवा पुदिन्याच्या काड्या लावा. खतपाणी कपाच्या तळाला टेकेल एवढंच भरा. रोप पाणी पितं, पातळी खाली जाते आणि मधल्या मोकळ्या जागेत मुळांना हवा मिळते.

माझा पहिला प्रयोग पार फसला. पारदर्शक बरणी घेतली होती. उजेड आत गेला आणि आठ दिवसांत सगळं शेवाळ. दुसऱ्या वेळी 'पाणी कमी झालंय' म्हणून काठोकाठ भरलं, तर हवेतली मुळं गुदमरून रोपं माना टाकून बसली. तिसऱ्यांदा बादली बाहेरून रंगवली आणि पाण्याचा मोह आवरला. तेव्हा कुठे घरच्या पालकाची भाजी झाली. झाकण मात्र घट्ट हवं, नाहीतर पालकाआधी डेंग्यूचे डास तयार होतील.

खताचं काय? तासगावच्या कुठल्याही द्राक्ष बागायतदाराला विचारा. कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेटची दाट द्रावणं एकत्र केली तर साका बसतो, हे ठिबकवाल्यांना तोंडपाठ असतं. नुसत्या १९:१९:१९ वरही भागत नाही. त्यातलं बरंचसं नत्र युरियाच्या रूपात असतं. मातीतले जिवाणू ते बदलून मुळांना देतात, बादलीत ते काम नीट होत नाही. शिवाय त्यात कॅल्शियम नसतं. पाण्याचा सामू साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान ठेवावा लागतो आणि आपलं बोअरचं पाणी बहुधा त्याच्या वरच असतं. म्हणजे 'मातीविना' म्हणजे 'मेहनतीविना' नाही. माती जे फुकट करते, ते इथे तुम्हाला विकत घेऊन, मोजून करावं लागतं.

आणि शेवटचा प्रश्न : विकणार कुणाला? पालक-मेथी मातीतही येते आणि मंडईत स्वस्त मिळते. लेट्यूसला भाव आहे, पण त्याची हॉटेलं पुण्या-मुंबईत. तिथवर ताजा माल रोज पोचवायचा खर्च रीलमध्ये दिसत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. आधी तीन महिने एक बादली सांभाळा. पाणी, खत, वेळ, मेलेली रोपं, निघालेली भाजी, सगळं वहीत लिहा. जमलं तर दहा बादल्या करा, गिऱ्हाईक शोधा आणि मग बँकेत जा. नाही जमलं तर गेली एक बादली, जमीन नाही.

माझी रंगवलेली बादली आणि वही मी उद्या त्या मित्राला देतेय. तारणाचे कागद तीन महिने थांबू शकतात.