रात्रीचा कॅमोमाइल आणि ‘औषध’ हा शब्द



मागच्या महिन्यात लेक पुण्याहून आली ती कॅमोमाइल चहाचं खोकं घेऊन. चाळिशी उलटल्यापासून माझी झोप तुटते. रात्री दोनला डोळे उघडले की पहाटेपर्यंत छताकडे बघत पडायचं. “आई, झोपायच्या आधी अर्धा तास घ्यायचा,” ती म्हणाली. आता आली का पंचाईत! माझं पाणी सूर्यास्तालाच बंद.

स्वाध्यायाला हे बोलले तर दोघीतिघी हसल्याच. त्या रात्रीच घेतात म्हणे. “अगं, औषध आहे ते. औषधाला सूट असते.”

मला हेच पटत नाही. कॅमोमाइल म्हणजे शेवंतीच्या कुळातलं युरोपातलं एक रोप. बारीक पांढऱ्या पाकळ्या, मध्ये पिवळा गोंडा. युनानी हकीम त्याला बाबूना म्हणतात. तिकडच्या आया पोट दुखलं, मूल किरकिर करायला लागलं की हाच काढा देतात. १९०२ सालच्या पीटर रॅबिटच्या गोष्टीतही सशाची आई दमल्याभागल्या पिल्लाला तोच पाजते. त्यात कॅफिन नाही, वास छान, मन जरा निवतं. पण झोप हमखास लागते असा पक्का पुरावा नाही. इतकी सौम्य वस्तू साडेपाचला घेतली काय नि दहाला घेतली काय, मला तरी फारसा फरक दिसत नाही. डॉक्टरांनी रात्री घ्यायला सांगितलेली बीपीची गोळी वेगळी. ती ज्यांना घ्यावी लागते त्यांना कुणी बोल लावू नये. पण आवडीच्या कपाला औषध म्हणायचं आणि नियमातून वाट काढायची, हे आपलं आपल्यालाच कळत असतं.

दुसरा प्रश्न मला सासूबाईंनी घातला. त्यांनी एक सुकं फूल घेतलं, नखाने उभं चिरलं आणि पुढे केलं. गोंडा आतून पोकळ! “यात काय काय बसलं असेल, कोण बघणार?” समंतभद्राचार्यांनी रत्नकरंडक श्रावकाचारात मुळा, ओलं आलं यांच्याबरोबर कडुनिंबाची फुलं आणि केतकीही वर्ज्य सांगितली, ती याच हिशेबाने, की लाभ थोडका आणि जीवांचा घात मोठा. कुणी म्हणेल, सुंठ चालते तर सुकं फूल का नको? आल्यात प्रश्न कंदाचा असतो, वाळलं की तो संपतो. फुलात प्रश्न आत शिरलेल्या किड्यांचा आहे, आणि वाळवताना ते तिथेच मरतात. पिशवीत भरलेला चुरा असेल तर तेही दिसत नाही.

तरी कुणी घेतच असेल तर खोक्याची मागची बाजू वाचा. बऱ्याच मिश्रणांत मध असतो, काहींत व्हॅलेरियनचं मूळ. गाजरगवताने ज्यांना शिंका किंवा खाज येते त्यांनी जपून, कारण दोन्हींचं कूळ एकच. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि महिनोन्‌महिने झोप नसेल तर चहात रमू नका, सरळ दवाखाना गाठा. मीही तेच केलं. थायरॉईड निघाला, सकाळची गोळी सुरू झाली.

कॅमोमाइलचं खोकं मी शेजारच्या काकूंना दिलं. संध्याकाळी जेवण उरकलं की परसातल्या गवती चहाची दोन पाती गाळलेल्या पाण्यात उकळते, झाकण ठेवून पाच मिनिटं मुरू देते, आणि सासूबाई नि मी ओसरीवर बसून दिवस मावळायच्या आत कप रिकामे करतो. दोनची जाग अजून येते, पण रोज नाही. लेकीला सांगितलंय, पुढच्या वेळी येताना खोकं नको, चार दिवस जास्त सुट्टी काढून ये.