वेताळाचा पोशाख कोणत्या रंगाचा?

सुट्टी लागली की मुले मोबाईलवर सुपरहिरोंचे चित्रपट पाहत बसतात आणि घरात वाद सुरू होतो. ज्याने कॉमिक्स वाचलेले असते तो म्हणतो, "पुस्तकात असे नव्हतेच!" हा वाद नवा नाही. आमच्या करकंबसारख्या गावातही मागच्या पिढीने तो घातला आहे. तेव्हा तो होता वेताळावरून.

आजच्या मुलांना वेताळ कोण ते सांगावे लागेल. ली फॉक या अमेरिकन लेखकाने १९३६ साली 'फँटम' निर्माण केला. टाइम्स ऑफ इंडियाच्या 'इंद्रजाल कॉमिक्स'चा पहिला अंक मार्च १९६४ मध्ये निघाला आणि पुढे त्यातूनच फँटम मराठीत 'वेताळ' होऊन आला. पंढरपूरला गेलेले कुणी एस.टी. स्टँडवरून अंक आणी. मग तो गल्लीतल्या घराघरांत फिरे आणि परत येई तेव्हा त्याचे मुखपृष्ठ गळालेले असे. १९९० साली इंद्रजाल बंद पडले. १९९६ मध्ये हॉलिवूडचा 'द फँटम' आला. त्यात बिली झेन हा नट वेताळ झाला होता.

आमच्या भाईजानांनी तो पुढे केबलवर पाहिला आणि म्हणाले, "हा आपला वेताळ नाही. आपला निळा, हा जांभळा. आपला डेंकालीचा, हा बंगाला नावाच्या कुठल्या बेटावरचा."

गंमत अशी की रंगाच्या आणि नावाच्या बाबतीत चित्रपट मूळ कॉमिक्सलाच धरून होता. अमेरिकेत वेताळाचा पोशाख जांभळाच छापला जाई. निळा रंग इंद्रजालच्या सुरुवातीच्या अंकांतला आणि डेंकाली हे नावही भारतीय आवृत्तीतले. ज्याला आपण अस्सल म्हणतो, तेही कुणीतरी आपल्यासाठी बदलून दिलेले असते. म्हणून रंगावरून चित्रपटाशी भांडण्यात अर्थ नाही.

भांडायचेच तर दुसऱ्या मुद्द्यावर भांडावे. कॉमिक्समधल्या वेताळाकडे कसलीही जादू नव्हती. लोक त्याला अमर समजत, पण बाप गेला की मुलगा तोच मुखवटा चढवी. आपण वाचला तो एकविसावा. कवटीच्या गुहेत आधीच्या वेताळांनी स्वतःच्या हाताने लिहिलेल्या वह्या रांगेने ठेवलेल्या असत. चित्रपटात अंगठी, घोडा, लांडगा सारे आहे. पण कथा फिरते तीन जादूच्या कवट्यांभोवती आणि मरहूम वडील समोर येऊन बोलतात. आम्हांला मात्र वडिलांच्या वह्या वाचून शहाणा होणारा वेताळच जवळचा वाटतो. बापाची जबाबदारी मुलाने उचलायची, ही गोष्ट आपल्या घरांतल्या मुलांना कळते. त्यासाठी जादू लागत नाही.

याच इंद्रजालमध्ये १९७६ साली 'बहादूर' आला. त्याला तर मुखवटाही नव्हता. कुर्ता आणि जीन्स एवढाच वेष. तो घडवला आबिद सुरती यांनी. बहादूरचा बाप डाकू, पोलिसांच्या गोळीने मेलेला. ज्या पोलीस अधिकाऱ्याने गोळी झाडली त्यानेच पोराला वाढवले. सूड घ्यायला निघालेला हा मुलगा बापाची कृत्ये कळल्यावर गावांचे रक्षण करू लागला. रक्ताच्या नात्यापेक्षा इन्साफ मोठा, हे त्या चित्रकथेने भाषण न देता सांगितले.

आणि आबिद सुरती स्वतः? २००७ पासून ते मीरा रोडला रविवारी एक प्लंबर सोबत घेऊन घरोघर जाऊ लागले आणि गळके नळ फुकट दुरुस्त करून देऊ लागले. तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. वाहत्या नदीकाठी वजू करतानाही पाणी वाया घालवू नये, ही शिकवण आपण सारेच लहानपणापासून ऐकतो. ऐकून पाना हाती घेणारे मात्र थोडे.

वाचकहो, मुलांना चित्रपट पाहू नका म्हणून ती ऐकणार नाहीत, आणि तसे सांगण्याची गरजही नाही. त्यांच्याबरोबर बसून पाहा. संपल्यावर एकच प्रश्न विचारा : या हिरोची जादू काढून घेतली तर त्याच्याकडे काय उरते? काही उरत असेल, तर चित्रपट चांगला. त्याच्या पोशाखाचा रंग मग कोणताही असो.