दावणीचा दुसरा बैल

गेल्या वर्षी एका ग्रंथालयातला जुना सर्व्हर भंगारात काढायचे ठरले. तक्रार एकच : फार मंद चालतो. यंत्र दोन पेंटियम थ्री प्रोसेसरांचे, दोन जीबी स्मृतीचे. मी आणि माझा मित्र परवानगी काढून त्याच्यापुढे बसलो आणि पाहतो तो काय! दिसत होता एकच प्रोसेसर, आणि स्मृती जेमतेम ८९६ एमबी. दावणीला दोन बैल असताना औत मात्र एकटाच ओढीत होता!

दोष यंत्राचा नव्हता, कर्नेल म्हणजे यंत्रणेचा गाभा ज्याने निवडला त्याचा होता. अनेक प्रोसेसर सांभाळण्याची सोय लिनक्समध्ये १९९६ च्या २.० आवृत्तीपासून आहे. पण कर्नेल बांधताना 'एसएमपी' या पर्यायाला नकार दिला, की दुसऱ्या प्रोसेसरला कोणी हाकच मारीत नाही. बत्तीस बिटी यंत्रावर 'हायमेम' बंद असेल, तर ८९६ एमबीपलीकडची स्मृतीही तशीच पडून राहते. आम्ही दोन्ही चालू केले. हायमेमची मर्यादा चारच जीबी ठेवली. चौसष्टची निवडली असती तर स्मृतीच्या नोंदी दुप्पट रुंद होऊन उगाच भार वाढला असता. प्रोसेसरचे कूळही 'पेंटियम थ्री'च ठेवले, कारण नव्या कुळासाठी बांधलेले कर्नेल जुन्या यंत्रावर उठेलच असे नाही. जुने कर्नेल बूटच्या यादीत राहू दिले. हे शहाणपण मित्राचे, माझे नव्हे! बांधणीत रात्र गेली. सकाळी दोन्ही प्रोसेसर हजर!

यावर शहाणे म्हणतील, जुन्याला किती दिवस कुरवाळायचे? प्रश्न रास्त आहे. लिनक्सने ३८६ प्रोसेसरचा आधार २०१३ च्या ३.८ आवृत्तीत काढला. डेबियनने २०२५ च्या तेराव्या आवृत्तीपासून बत्तीस बिटी पीसींसाठी कर्नेल देणे थांबवले. म्हणूनच आम्ही हा सर्व्हर बाहेरच्या जाळ्याला जोडलेला नाही. पण खोलीतल्या खोलीत पुस्तकांची सूची दाखवायला त्याला काय धाड भरली आहे?

माझा राग वेगळाच आहे. शिक्षा ठोठावण्यापूर्वी पर्यायांची ती यादी उघडून पाहण्याचे कष्ट कोणीच घेतले नाहीत. प्रत्येक पर्यायापाशी खुलासा लिहिलेला असतो. माझ्यासारख्या कलाशाखेच्या विद्यार्थ्यालाही तो शब्दकोश मांडीवर घेऊन कळला.

सूची आता झटपट उघडते. भंगाराच्या यादीतून मात्र सर्व्हरचे नाव अजून खोडलेले नाही; सही करणारे रजेवर आहेत.