विचारणारा माणूस हवा

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षी देशात १ लाख ७० हजार ९२४ जणांनी आत्महत्या केली. त्यांपैकी २२ हजार ७४६ जण महाराष्ट्रातील होते. या दुर्दैवी यादीत आपले राज्य पहिल्या क्रमांकावर होते. आपल्याकडे या विषयाची चर्चा कर्जमाफी, हमीभाव आणि सरकारी मदत यांभोवतीच फिरते. ते प्रश्न खरे आहेत. परंतु त्याच अहवालात कारणांच्या अग्रस्थानी कौटुंबिक समस्या आहेत आणि त्याखालोखाल आजारपण. याचा अर्थ, माणूस खचत असतो तो बहुतेक वेळा घरच्यांच्या आणि शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत. मग त्यांना ते उमगत का नाही?

कारण काय पाहायचे, हे त्यांना कोणी शिकवलेलेच नसते. "मी असून नसून सारखाच" असे कोणी वारंवार बोलतो. कोणी जिवापाड जपलेल्या वस्तू वाटून टाकतो, कोणी भजनाला येणे सोडतो. महिनोन्‌महिने उद्विग्न असलेला माणूस एकाएकी शांत होतो आणि घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. प्रत्यक्षात तीच सर्वाधिक सावध राहण्याची वेळ असू शकते.

ही चिन्हे ओळखण्याचे शिक्षण सामान्य माणसाला देता येते. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' या कार्यक्रमाने गावपातळीवरील आरोग्य कार्यकर्त्यांना आणि समुपदेशकांना तसे तयार केले. मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठविले गेले ते गरजेपुरतेच रुग्ण. २०१७ साली 'लॅन्सेट सायकियाट्री' या नियतकालिकात त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले आणि आत्महत्येचे विचार मनात आल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. तुलनेसाठी कार्यक्रमाबाहेरची गावे घेतलेली नव्हती, त्यामुळे सारे श्रेय त्याच्याच पदरात टाकणे योग्य होणार नाही. तरीही दिशा स्पष्ट आहे.

अशा प्रशिक्षणातील सर्वांत अवघड धडा म्हणजे थेट विचारणे. "जीव द्यावा असे मनात येते का?" हा प्रश्न विचारल्याने नसता विचार डोक्यात शिरेल, ही भीती निराधार आहे. उलट, कोणीतरी विचारले याने मनावरचे ओझे हलके होते. त्यानंतरचा धडा ऐकून घेण्याचा, आणि तो आपल्या कार्यकर्त्यांना अधिक जड जाईल. बौद्धिक देण्याची सवय सहजासहजी सुटत नाही. आत्महत्या हे पाप आहे, आपल्याहून दुःखी लोक जगात आहेत, मन खंबीर करावे, असल्या उपदेशाने समोरचा माणूस केवळ गप्प होतो. "कुणाला सांगू नका" असे त्याने घातलेले वचनही स्वीकारायचे नसते. त्याला एकटे सोडू नये, घरातील कीटकनाशके आणि औषधे त्याच्या हाती लागणार नाहीत अशी व्यवस्था करावी, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा रुग्णालयात स्वतः सोबत जावे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेलि-मानस' या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असायला हवा.

पूर्वी घरची मंडळी आत्महत्येचा प्रयत्न लपवीत, कारण कलम ३०९ अन्वये तो गुन्हा होता. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्या कलमाची धार बोथट केली आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम राहिलेले नाही. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा उरला आहे. पोलिसांचे भय ओसरले, लोकलज्जा मात्र कायम आहे. ती कमी करणे कायद्याच्या आवाक्यातले नाही.

घरोघरी संपर्क हे ज्यांचे नित्याचे काम आहे, त्यांच्याइतकी या कामाला योग्य माणसे शोधून सापडणार नाहीत. तालुक्याच्या ठिकाणी एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाला बोलावून एका दिवसाचा वर्ग घेणे फारसे खर्चाचे नाही. आरंभ करावा तो जिथे असा प्रयत्न पूर्वी होऊन गेला आहे, त्या घरांपासून. कारण पुन्हा धोका संभवतो तो तिथेच अधिक. अशा घरी पहिल्या आठवड्यात माणसांची रीघ लागते. पुढल्या महिन्यांत तिकडे कोणी फिरकत नाही.