हंगाम सरल्यावरचे माथेरान

मे महिन्यात माथेरानला जाणारा मुंबईकर गर्दीला कंटाळून निघतो आणि ती गर्दी आपल्याबरोबरच वर घेऊन जातो. दस्तुरी नाक्यावर रांग, खोलीसाठी मिनतवाऱ्या आणि पॅनोरमा पॉइंटवर सूर्योदयाआधी दिसणाऱ्या माणसांच्या पाठी! ज्याला खरोखर विसावा हवा, त्याने जुलैत जावे.

अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी बांधलेली, १९०७ साली सुरू झालेली छोटी गाडी पावसाळ्यात नेरळहून वर येत नाही. २६ जुलै २००५ च्या पावसाने हा लोहमार्ग उखडला, तो पुन्हा सुरू व्हायला २००७ उजाडले होते. तेव्हा ही विश्रांती शहाणपणाचीच. अमन लॉजपासून माथेरानपर्यंतची फेरी मात्र चालू असते. मोटारींना तर दस्तुरीच्या पुढे बारमाही मज्जाव. छत्री घेऊन तांबड्या चिखलातून चालू लागावे. लुइझा पॉइंटवर धुक्याखेरीज काही दिसेलच असे नाही. पण झाडांवरून ठिबकणारे पाणी ऐकू येते, आणि चिक्कीवाल्याला चार शब्द बोलायला सवड असते.

या सवडीची किंमत मात्र तो मोजत असतो. आपण मध्यमवर्गीय ‘ऑफ सीझन’ म्हणजे ‘अर्ध्या दरात खोली’ एवढेच गणित मांडतो. बँकेत उमेदीची वर्षे काढल्यामुळे मला वहीची दुसरी बाजूही दिसते. शेतकऱ्याच्या पीककर्जाची परतफेड सुगी पाहून ठरते, हे बँकांना केव्हाच उमगले आहे. घोडेवाल्याची सुगी एप्रिल-मेची आणि दिवाळी-नाताळची. पण त्याने कर्ज काढून घोडा घेतला, तर मासिक हप्ता जुलैतही चुकत नाही. आणि घोडा काही फक्त हंगामातच चारा खात नाही! अशा कर्जाचे हप्तेही हंगाम पाहून बांधून देणे अवघड नाही.

ते बँकांनी करावे. आपल्या हाती आहे ते आपण करावे. लॉजवाल्याने आपणहून दर उतरवला, तर खुशाल घ्यावा. पण भर पावसात आपली बॅग डोक्यावरून नेणाऱ्या हमालाशी, ओलेत्या घोड्याचा लगाम धरून चालणाऱ्याशी घासाघीस करू नये. मेमध्ये देतो तेच पैसे जुलैतही द्यावेत. ते चार महिने कोणीतरी तिथे टिकून राहते, म्हणून तर आपल्याला मेमध्ये माथेरान सापडते.